नहराच्या कोपऱ्यातलं गवत

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. देवळात जातो, हात जोडतो, पण तिथेही नाही—देवाला ते आधीच ठाऊक असणार, आणि ज्याला ठाऊक आहे त्याला सांगण्यात कसली आली हिंमत? तुम्हाला ठाऊक नाही. म्हणून तुमच्यापुढे बसलोय.

गोष्ट एका गाईची आहे. म्हणजे, सुरुवात गाईपासून होते. तिचं नाव चांदी. ती माझी नव्हती, सयाबाईची होती, आणि ती मेली. एवढंच असतं तर यात काय सांगायचं होतं? खेड्यात ढोरं मरतात, लोक चार दिवस हळहळतात आणि कामाला लागतात. पण मी काही हळहळ सांगायला बसलेलो नाही. थांबा—आधी मी कोण ते सांगतो, नाहीतर पुढचं नीट कळायचं नाही.

माझं नाव देवाजी. साठी उलटली. अड्याळहून कोंढ्याकडे जाताना एक फाटा फुटतो, तिथून आत आमचं गाव. चार एकर धान, दोन म्हशी, आणि नहराला, म्हणजे कालव्याला, लागून अर्ध्या एकराची एक बांधी, बांध घातलेलं शेत. त्या बांधीत मी धान सोडून नेपियर गवत लावलं तेव्हा लोक हसले होते. धानाच्या बांधीत गवत लावतो म्हणून. मग तेच लोक धुऱ्यावर, शेताच्या कडेच्या बांधावर, उभे राहून ते पाहू लागले. आणि मला ते आवडू लागलं. इथेच खरी सुरुवात आहे, गाईपाशी नाही. लोकांनी आपल्याकडे पाहावं, चार माणसांत आपलं नाव निघावं, याची मला फार हौस. अजूनही आहे. हे सांगतानासुद्धा मनात कुठेतरी वाटतंय की किती प्रामाणिकपणे सांगतोय मी! बघा, म्हणजे कसा माणूस आहे ते.

तर शेतीखात्याची माणसं गावात आली होती. त्यांनी शेणखताचा खड्डा कसा करायचा ते दाखवलं. आमच्याकडे उकिरडा म्हणजे घरामागचा उघडा ढीग. ऊन लागतं, पाऊस लागतो, कोंबड्या उकरतात. त्या साहेबांनी ढिगात काठी खुपसली, आम्हाला वाकून वास घ्यायला लावला. डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, हा जो नाकाला झोंबतो ना, तो तुमचा नत्र आहे, हवेत चाललाय. जो पिकाला जायचा तो तुमच्या नाकात जातोय. खड्डा करा, गोठ्यातलं मूत नालीनं त्यात सोडा, थर दाबा, ओल राखा, आणि वरून शेणामातीनं लिंपून टाका. वास बंद झाला की समजा नत्र जागच्या जागी राहिला.

मला ते पटलं. मी खड्डा खणला, गोठ्यापासून सिमेंटची नाली काढली, वर टिनाचं छप्पर केलं. दोन वर्षं माझ्या गवताला बाहेरचं खत जवळजवळ लागलंच नाही. गवत माणसाच्या डोक्यावरून जायचं. मग काय! मी गावोगाव सांगत फिरू लागलो. साहेबांचं वाक्य मी आपलं करून टाकलं—"नाकाला झोंबते ना? ते तुमचं खत उडून चाललं!" लोक हसायचे, टाळ्या वाजवायचे. बांधीच्या नहराकडच्या कोपऱ्यात खात्यानं पाटी लावली, माझ्या नावाची. त्या पाटीवर पाखरं घाण करायची तर मी रुमालानं पुसायचो. स्वतःच्या रुमालानं.

आता एक गोष्ट सांगतो, ती मी कुठल्याच भाषणात सांगितली नाही. तो खड्डा लिंपायची सयाबाई.

सयाबाईचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं. पुनर्वसनाच्या वस्तीत तिला घर मिळालं, आमच्या शिवेला लागून. घर मिळालं, पण ढोरं चारायला रान मिळालं नाही. तिचा नवरा नथ्थू धरणात मासे धरतो. एकदा मला म्हणाला होता, आता आपल्याच वावरावर जाळं टाकून राहिलो. हसत म्हणाला होता. त्यांच्याकडे एक गाय, चांदी, जुन्या गावाहून आणलेली. तिला घालायला चारा नाही. मग आमचं ठरलं—सयाबाईनं रोज तिच्या गोठ्यातलं शेण माझ्या खड्ड्यात आणून टाकायचं, आणि माझ्या बांधीतून गवताचा एक भारा न्यायचा. वर, कुणी न सांगता, ती खड्डा लिंपायची. भेग दिसली की चिखल कालवून बुजवायची. तिचा हात असा फिरायचा की खड्डा घराच्या अंगणासारखा दिसायचा. पाहुणे यायचे, खड्ड्याजवळ उभे राहायचे, नाक पुढे करायचे—वास नाही! मी छाती पुढे काढायचो.

ती मला भाऊ म्हणते. अजूनही म्हणते.

तिसऱ्या वर्षी चांदी गाभण होती, आणि सयाबाईची सून आजारी पडली. सयाबाई दोन महिने सुनेच्या माहेरी, तिच्या पोरीला सांभाळायला. शेण आणून टाकायचा नथ्थू, तेही आठवड्यातून एकदा. खड्ड्याला भेगा पडल्या. माझ्या बायकोचे, पारबताचे, गुडघे दुखत होते, तिला खाली बसता येत नव्हतं. मग उरलो मी. मला काय झालं होतं? हातपाय धड होते. पण लिंपणं-सारवणं हे बायकांचं काम, हे डोक्यात इतकं पक्कं की मी चिखलात हात घालून बसलोय आणि धुऱ्यावरून कुणी पाहतोय, ही कल्पनाच सहन होईना. इतकी भाषणं ठोकणारा माणूस मी, आणि शेणामातीत हात घालायला लाजलो! वाऱ्यानं छपराचं एक टिन उडालं, तेही तसंच राहिलं. नाली तुंबली, मूत गोठ्यामागं वाहू लागलं. खड्ड्याजवळून जाताना नाकाला झोंबायचं. मला नक्की माहीत होतं काय उडून चाललंय ते. मी श्वास रोखून पुढे जायचो.

गवत पिवळं पडलं. पडणारच होतं.

आणि नेमका निरोप आला, संक्रांतीनंतर दुसऱ्या तालुक्यातले शेतकरी तुमचा प्लॉट पाहायला येणार, टेम्पो भरून, सोबत साहेब. तीन आठवडे हातात. तेव्हा तरी खरं सांगायचं ना? या वर्षी जमलं नाही, खड्डा बिघडला, हे पण दाखवतो, म्हणायचं. पुढचे शेतकरी त्यातूनही काही शिकले असते. मी तसं केलं नाही. घरात उन्हाळी धानासाठी युरिया आणून ठेवला होता. तो मी बांधीत फेकला. थोडा थोडा, तीनदा विभागून द्यायचा असतो, कापणी झाली की द्यायचा असतो, हे मला तोंडपाठ होतं, कारण मीच ते लोकांना सांगायचो. मी तो एकाच दिवशी सगळा टाकला. आणि शेवटच्या गोणीत जे उरलं होतं, ते पाटीपाशी, नहराकडच्या कोपऱ्यात चार ओळींवर ओतलं. पाहुणे तिथेच उभे राहणार होते ना!

एक पाणी दिलं. दुसऱ्या पाण्याच्या आधी दुरुस्तीसाठी नहर बंद झाला. त्यावर आभाळ भरून आलं आणि आठ-नऊ दिवस ऊनच पडलं नाही. गवत वाढेना, पण रंग चढला. कोपऱ्यातल्या त्या चार ओळी इतक्या गर्द झाल्या की हिरव्या म्हणाव्यात की काळ्या, कळेना.

तुम्ही विचाराल—तुला यात धोका आहे हे ठाऊक होतं का?

इथे मी बरीच वर्षं अडलो आहे. मनाशी म्हणायचो, नक्की कुठं ठाऊक होतं, अंदाज होता. पण खरं ते सांगतो. ढोरांच्या डॉक्टरांनी एका बैठकीत स्वच्छ सांगितलं होतं की भरमसाट युरिया घेतलेलं गवत, त्यात पाण्याची ओढ आणि ढगाळ हवा, असं गवत ढोराला घालू नका. तो नत्र गवतात साठून बसतो. ढोराचं रक्त तपकिरी पडतं आणि हवा असूनसुद्धा ते गुदमरतं. मी त्या बैठकीत पुढच्या रांगेत होतो. आणि त्याहून मोठा पुरावा माझ्याच पायांचा आहे. त्या दिवसांत मी रोज सकाळी विळा घेऊन माझ्या म्हशींसाठी गवत कापायला जायचो, आणि त्या कोपऱ्याला वळसा घालून पार दुसऱ्या टोकाला जायचो. माझ्या म्हशींना मी त्यातली एक काडी घातली नाही. आता सांगा, मला ठाऊक होतं की नव्हतं?

सून बरी झाली तशी तिला घेऊन सयाबाई परत आली होती. चांदी व्याली होती, गोऱ्ही, म्हणजे कालवड, झाली होती, सहा दिवसांची. सयाबाईलाही मी दुसऱ्या टोकाचंच गवत देत होतो. तोवर तरी मी इतका वाईट नव्हतो.

पाहुणे दुपारी बाराच्या सुमाराला आले. खड्ड्याकडे मी त्यांना नेलंच नाही, आधी गवत बघू म्हणालो आणि सरळ पाटीपाशी आणलं. तीसेक माणसं असतील. सगळे त्या चार ओळींकडे पाहत राहिले. साहेबांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, देवाजी, युरिया किती टाकला?

"एक दाना नाई, साहेब."

हे मी म्हटलं. हसत म्हटलं. टाळ्या पडल्या.

सयाबाई मागे उभी होती, विळा आणि गोणी घेऊन, गर्दी सरायची वाट बघत. ती गोणी युरियाचीच होती, पण त्यात काही नवल नाही. आमच्याकडे घरोघर त्याच गोण्या असतात, भुसा त्याच्यात, शेणाच्या गोवऱ्या त्याच्यात, गवतही त्याच्यात. तिची जुनी गोणी फाटली होती म्हणून त्या दिवशी सकाळी पारबतानं तिला आमच्या घरची दिली. देण्याआधी पारबतानं ती नळावर उलटी करून धुतली, खंगाळली, कुंपणावर वाळत टाकली. मी तिथेच बसून दात घासत होतो. मी पाहिलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पाहुण्यांपैकी एकानं सयाबाईला विचारलं, तुम्हीपण इथलंच गवत नेता का? ती साधी बाई. ती काय म्हणाली असेल?

"नेतो जी. पन भाऊ मले या कोपऱ्यातलं देत नाई. तिकडचंच देते."

सगळे हसले. साहेबही हसले. म्हणाले, काय देवाजी, चांगलं चांगलं झाकून ठेवता? बाईंची गाय ताजी व्यालेली आहे म्हणतात, द्या तिला यातलंच!

एक वाक्य पुरलं असतं. "हे बेण्यासाठी राखलंय"—झालं! कुणाला काही कळलं नसतं, माझी अब्रूही राहिली असती, गायही राहिली असती. हे वाक्य मला सुचलं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरताना. त्या वेळी तीस माणसांचे डोळे माझ्यावर होते आणि आताच मी म्हणालो होतो की एक दाणा नाही. मग द्यायला हरकत कसली? मी विळा घेतला आणि माझ्या हातानं ते गवत कापलं. माझ्या हातानं तिच्या गोणीत दाबून भरलं. कुणीतरी फोटो काढला. त्यात मी गोणी सयाबाईच्या डोक्यावर चढवतोय आणि दोघंही हसतोय. तो फोटो माझ्या मोबाइलमध्ये अजून आहे. पुसून टाकायला बोट जात नाही, बघायलाही जात नाही.

ती निघाली तशी मी दोन पावलं तिच्या मागे गेलो. खरंच गेलो. हळूच सांगणार होतो की धानाच्या सुक्या तणसात मिसळून थोडंसंच घाल, किंवा घालूच नको. तेवढ्यात मागून हाक आली, देवाजी, चहा! मी वळलो आणि चहाला गेलो.

चहा पिताना मी स्वतःला समजावलं. एक भारा तर आहे. एका भाऱ्यानं काय होतं?

चार वाजता सयाबाईची सून धापा टाकत आली. मी गेलो. चांदी गोठ्याबाहेर उभी होती, पाय फाकवून, तोंड उघडं, बरगड्या भात्यासारख्या वरखाली होत होत्या. गव्हाणीत गवताचा एक देठ शिल्लक नव्हता. भुकेली गाय, दोन महिने तणसावर काढलेली, तिनं सगळं चाटूनपुसून खाल्लं होतं. मी तिचा ओठ उलटून पाहिला. हिरड्या तपकिरी होत्या, गढूळ पाण्याच्या रंगाच्या. मला त्याच क्षणी कळलं. बैठकीत ऐकलेलं सगळं शब्द न् शब्द डोळ्यांपुढे उभं होतं.

सयाबाईनं डॉक्टरांना फोन लावला होता. ते पवनीच्या पलीकडे कुठल्याशा गावात होते. तिनं फोन माझ्या हातात दिला.

"भाऊ, तुमीच सांगा. तुमाले समजते."

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला—काय खाल्लं? हिरवं गवत? त्यावर युरिया होता का, नीट आठवून सांगा, तसं असेल तर त्याचं औषध वेगळं आहे, मी दवाखान्यातून घेऊनच निघतो.

थोडं थांबतो. आजवर इथपर्यंत येऊन मी दरवेळी उठून गेलो आहे.

सयाबाईच्या अंगणातून देऊळ दिसतं. देवळापाशी पाहुण्यांचा टेम्पो अजून उभा होता. साहेब पारावर बसून कुणाशी तरी बोलत होते. सयाबाई माझ्या तोंडाकडे पाहत होती, दोन्ही हातांनी चांदीची मान धरून. आणि मी फोनवर म्हणालो, "नाई डाक्टर. साधंच गवत आहे. युरिया नाई."

बस, एवढंच. तोवर जे केलं होतं त्याला हलगर्जीपणा म्हणा, बढाई म्हणा, भित्रेपणा म्हणा. तेव्हाही गाय वाचली असती. हे जे म्हणालो, त्याला काय म्हणाल? चूक नव्हे ती. खोटं बोललो तर काय होणार, हे तिथे हजर असलेल्यांपैकी फक्त मला माहीत होतं, आणि तरी बोललो. एका टेम्पोपायी.

डॉक्टर म्हणाले, मग पान लागलं असेल, साप चावला असेल, किंवा आणखी काही, सावलीत ठेवा, येतो. ते सापाची औषधं घेऊन आले. यायला तास-सव्वा तास लागला. चांदी तोवर बसली होती. त्यांनी सुईनं रक्त काढलं, उजेडाकडे धरलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, हे गवताचंच आहे हो, निळं औषध लागतं याला, फोनवर कळलं असतं तर हातात घेऊन आलो असतो. ते दवाखान्यात फोन लावायला बाजूला गेले. त्यांचं बोलणं संपायच्या आत चांदीनं मान टाकली. गोऱ्ही दाव्याला ओढ देत हंबरत होती. दिवेलागणही झाली नव्हती.

सयाबाई रडली नाही. ती फक्त विचारत राहिली, कायनं गेली? कायनं गेली माही चांदी? आजूबाजूच्या बायका, नथ्थू, सून, सगळे एकमेकांकडे पाहत होते. आणि सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत माझ्यावर आल्या, कारण गवतातलं, खतातलं गावात मलाच समजतं ना! गव्हाणीजवळ ती रिकामी गोणी पडली होती. तिच्यावरची युरियाची अक्षरं वर आली होती.

मी म्हणालो, "गोनी कोनती आहे पाहा. किती डाव सांगतलं, गोन्या धुऊन घेत जा म्हनून."

मला कुणी विचारलं नव्हतं. मी आपणहून म्हणालो.

सयाबाईनं त्या गोणीकडे पाहिलं. मग आपल्या हातांकडे. त्यानंतर ती रडली.

डॉक्टर परत आले, त्यांच्या कानावर गोणीचं बोलणं गेलं. ते गाडीजवळ मला एकट्याला म्हणाले, देवाजी, गोणीतल्या दाण्यानं रक्ताचा रंग असा होत नाही. आणि माझ्याकडे पाहत थांबले. मी माझ्या चपलांकडे पाहत राहिलो. त्यांनी मला बोलायला पुरेसा वेळ दिला होता. मी तो तसाच जाऊ दिला. त्यांना दुसरीकडून फोन आला, ते गेले, आणि पुढच्या पावसाळ्यात त्यांची बदली झाली.

घरी आल्यावर पारबता जेवण वाढताना म्हणाली, "गोनी तं म्याच धुतली होती जी. दोनदा खंगारली."

ही बाई माझ्यासोबत पस्तीस वर्षं राहिलेली. तिच्याजवळ तरी तोंड उघडायचं! मी भात कालवत म्हणालो, "धुतली असशीन. पन धाग्याधाग्यात मुरून रायते ते." आता ती कुठलीही गोणी कुणाला देत नाही, सरळ जाळून टाकते. म्हणजे एका वाक्यात मी सयाबाईला पाप चिकटवलं आणि दुसऱ्या वाक्यात त्यातलं थोडं बायकोला वाटून दिलं. माझ्या वाट्याला काय आलं? शाबासकी. ते पण सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोपऱ्यातल्या त्या चार ओळी मुळापासून उपटल्या आणि पुरल्या. मग खड्ड्याजवळ गेलो, चिखल कालवला, आणि खड्डा लिंपायला बसलो. अर्धा दिवस लागला. दहा-बारा घमेली माती, पाच-सहा घमेली शेण, आणि अर्धा दिवस. धुऱ्यावरून दोघं-तिघं गेले, कुणी हसलं नाही. संध्याकाळी वास थांबला होता. इतकंच काम होतं ते.

तिसऱ्या दिवशी सयाबाई गोऱ्हीला घेऊन माझ्या दारात आली. म्हणाली, भाऊ, हिले तुमच्या म्हशीच्या दुधावर जगवा. मी म्हणालो, जगवतो, मोठी झाली की घेऊन जा. तिनं मान हलवली.

"नाई भाऊ. माह्या हातानं एक गेली. हे तुमच्याच कोठ्यात राहू द्या."

मी गोऱ्हीला वाढवलं. गावात नाव झालं—देवाजीनं सयाबाईचं वासरू पोटच्यासारखं पोसलं! एका बैठकीत हे माझ्या देखत सांगितलं गेलं. मी मान खाली घातली, आणि लोकांना तो माझा विनय वाटला.

या गोष्टीला पाच वर्षं झाली. गोऱ्हीची गाय झाली. एकदा व्याली, परत गाभण आहे. कपाळावर आईसारखाच पांढरा ठिपका. तिचं दूध मी रोज तांब्याभर सयाबाईच्या नातीसाठी पाठवतो, आणि सयाबाई भेटेल तिथे त्याचं कौतुक करते. मी ते ऐकून घेतो.

सयाबाईनं पुन्हा गाय घेतली नाही. ती आता दुसऱ्यांच्या बांधीत मजुरीला जाते. रोवण्याच्या वेळी, कापणीच्या वेळी, बायका एकत्र बसल्या की ती त्यांना तिची गोष्ट सांगते. स्वतःची चूक म्हणून सांगते. म्यां गोनी नाई धुतली, माही गाय गेली, तुमी धुवा बायांनो. आमच्या भागातल्या कितीतरी बायका आता नहरावर गोण्या धुतात. चांगलीच सवय आहे, वाईट काही नाही. पण त्या वाकून गोण्या घासताना दिसल्या की मी सायकलवरून उतरत नाही, मान वळवून पुढे जातो.

ती गोणी स्वच्छ होती. हे मी पहिल्यांदाच मोठ्यानं म्हणतोय. गोणी स्वच्छ होती, आणि सयाबाईच्या हातातही काही दोष नव्हता. गवत माझं होतं, युरिया माझा होता, फोन माझ्या हातात होता.

ते सांगायला तिच्या दारापर्यंत मी गेलो नाही असं नाही. दोनदा गेलो. एकदा ती घरी नव्हती, आणि ती घरी नाही म्हणून मला किती हलकं वाटलं! दुसऱ्यांदा होती. तिनं चहा केला. मी चहा प्यालो, आणि पाऊसपाण्याचं बोलून परत आलो. पुन्हा चहाच.

परवा ती आमच्या गोठ्यात आली होती. गाय गाभण आहे म्हणून पाहायला. येताना धुऱ्यावरचं थोडं हिरवं गवत कापून आणलं होतं, गोणीत. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "तीन डाव धुतली, भाऊ." गोणी पांढरी पडली होती, अक्षरं पुसट झाली होती. गाईनं तिला ओळखलं असेल की गवताच्या वासानं, कोण जाणे, मान लांब केली. सयाबाई गव्हाणीपासून दोन हात अंतरावर थांबली. गवताची पेंडी काढली आणि माझ्यापुढे धरली.

"तुमीच टाका भाऊ. माह्या हातानं नोको."

मी ती पेंडी तिच्या हातातून घेतली, आणि गव्हाणीत टाकली.